पुअर व्हॅलीतले दुकान

संस्थेचा इतिहास म्हटला की आपल्याकडे पहिल्या ओळीत स्थापनेचे साल येते, दुसरीत उद्घाटक पाहुण्यांचे नाव आणि तिसऱ्या ओळीपासून कार्यकारी मंडळ. कार्टर फॅमिली फोल्डची पहिली ओळ सहज लिहिता येते: 1974. दुसरी ओळ मोकळी सोडावी लागते. तिसऱ्या ओळीतले मंडळ एकाच घरातले निघते. जॅनेट कार्टर, तिचा भाऊ ज्यो, थोरली बहीण ग्लॅडिस आणि पुढच्या पिढीत जॅनेटची लेक रिटा फॉरेस्टर. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला, स्कॉट काउंटीत, हिल्टन्स नावाच्या गावाजवळ ही संस्था आहे. दर शनिवारी संध्याकाळी तिथे डोंगरी लोकसंगीताची बैठक भरते. 2024 मध्ये संस्थेला 50 वर्षे पूर्ण झाली.

जिथे ती उभी आहे, त्या खोऱ्याचे नाव पुअर व्हॅली. क्लिंच नावाचा लांबच लांब डोंगर आहे, त्याच्या पायथ्याची ही अरुंद पट्टी. जमीन हलकी, दगडगोट्यांची. मका, तंबाखू, थोडी जनावरे, यापलीकडे तिच्यातून फार काही निघत नसे. लाकडी ओंडक्यांच्या एका लहान घरात 15 डिसेंबर 1891 रोजी जॅनेटचा बाप आल्विन प्लेझंट कार्टर जन्मला. पुढे सगळे जण त्याला एपी म्हणू लागले. आठ भावंडांत तो थोरला. वडील तरुणपणी बँजो वाजवत, पण धर्माकडे वळल्यावर त्यांनी तो खाली ठेवला. त्या भागातल्या कर्मठ घरांत तारवाद्य म्हणजे नाचगाणे आणि नाचगाणे म्हणजे पाप, असा हिशेब होता. चर्चमधल्या गाण्याला मात्र आडकाठी नव्हती. मामा फ्लँडर्स बेज् गावोगाव गाण्याच्या शाळा घेई, त्याच्याकडून एपी सुरावर आला. त्याच्या हाताला आणि आवाजाला जन्मापासून एक कंप होता. आई पोटुशी असताना जवळच वीज पडली, त्याचा हा परिणाम, असे घरचे सांगत. ध्वनिमुद्रिकांवर तो कंप आजही ऐकू येतो.

एपी फळझाडांची रोपे विकत हिंडे. असाच क्लिंच डोंगर ओलांडून तो कॉपर क्रीकला गेला आणि तिथे ऑटोहार्प वाजवत गाणारी सारा डॉहर्टी त्याने ऐकली, अशी कथा आहे. ऑटोहार्प आपल्या स्वरमंडळासारखे मांडीवर घेऊन छेडायचे वाद्य. फरक इतकाच, की पट्टी दाबली की नको असलेल्या तारा मुक्या होतात आणि उरलेल्यांचा स्वरमेळ वाजतो. 18 जून 1915 रोजी दोघांचे लग्न झाले. सारा डोंगराअलीकडे आली ती भरदार, खालच्या पट्टीचा आवाज घेऊन. पुढे जे काही झाले ते त्या आवाजामुळे झाले, असे माझे मत आहे. एपीची धडपड, तिची जाऊ मेबेल हिची गिटारवरची बोटे, ध्वनिमुद्रण करणाऱ्या राल्फ पियरचा धंदा हे सगळे त्या आवाजाभोवती जमत गेले.

1926 मध्ये साराची नात्यातली बहीण मेबेल ॲडिंग्टन एपीच्या धाकट्या भावाशी, एझ्राशी, लग्न करून त्याच खोऱ्यात आली. बहिणी जावा झाल्या. मेबेल अवघी 16 वर्षांची होती आणि गिटारवर तिचा हात विलक्षण चाले. दोन घरे हाकेच्या अंतरावर होती. दिवसभराची कामे उरकून संध्याकाळी ओसरीवर दोघी वाजवायला बसत. संस्थेचे मूळ शोधायचेच तर ते याच ओसऱ्यांवर सापडते.

1927 च्या उन्हाळ्यात व्हिक्टर या ध्वनिमुद्रण कंपनीचा राल्फ पियर 25 मैलांच्या आसपास असलेल्या ब्रिस्टल गावी ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन आला. ब्रिस्टलच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध व्हर्जिनिया आणि टेनेसी यांची हद्द जाते. टेनेसीच्या बाजूच्या एका टोपीच्या कारखान्याच्या रिकाम्या इमारतीत त्याने गोधड्या टांगून खोली तयार केली. एपीने भावाची मोटार मागून घेतली. बदल्यात एझ्राच्या मक्यातले तण काढून देण्याचे त्याने कबूल केले, असे घरात सांगतात. गाडीत कोण कोण होते ते पाहा: एपी, सारा, तिचे पाच महिन्यांचे तान्हे बाळ ज्यो, त्याला सांभाळायला आठ वर्षांची ग्लॅडिस आणि आठवा महिना लागलेली मेबेल. रस्ता म्हणजे चाकोरी, वाटेत नदी, वर चाक पंक्चर. 1 ऑगस्टला संध्याकाळी चार गाणी झाली, 2 ऑगस्टला सकाळी दोन. दुसऱ्या दिवशी एपी आलाच नाही. दोन्ही गाणी साराने मेबेलच्या साथीने म्हटली. त्यांतले एक बिनलग्नाची आणि लग्नाची अशा दोन बायकांच्या नशिबाची तुलना करणारे गाणे साराला अजिबात आवडत नव्हते. पियरच्या आग्रहाने म्हटले, आणि तेच सगळ्यांत जास्त खपले. त्याच खोलीत दोन दिवसांनी पुढे प्रसिद्ध झालेला गायक जिमी रॉजर्स गायला. अमेरिकी कंट्री संगीताचा जन्म ब्रिस्टलमध्ये झाला असे जे म्हणतात, ते या आठवड्याला धरून. 1998 मध्ये अमेरिकी काँग्रेसने तसा ठरावच केला. आता ब्रिस्टलमध्ये त्याचे मोठे संग्रहालयही आहे, पण ते 2014 चे. एपीच्या पुअर व्हॅलीतल्या दुकानात ही संस्था त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती.

पुढची 14 वर्षे, म्हणजे 1941 पर्यंत, तिघांनी अडीचशेहून अधिक गाणी ध्वनिमुद्रित केली. मेबेलने 1928 च्या सुमारास 275 डॉलरला गिब्सन कंपनीची एल-5 गिटार घेतली. खोऱ्यातल्या हिशेबाने ती रक्कम डोळे फिरवणारी होती. अंगठ्याने खालच्या जाड तारांवर चाल वाजवायची आणि त्याच वेळी बोटांनी वरच्या तारांवर ठेका घासत ठेवायचा, ही तिची पद्धत. तोवर गिटार गाण्याच्या मागे ठेका धरून बसे. मेबेलने तिच्याकडून गाणे वाजवून घेतले. जगभर गिटार शिकणारी मुले आजही ही पद्धत कार्टरांच्या नावाने शिकतात. ती गिटार आता नॅशव्हिलच्या संग्रहालयात आहे.

इथे थोडे थांबावे लागते, कारण संस्थेच्या गौरवपर लिखाणात हा भाग भरभर उरकला जातो. पियरचा धंदा असा होता: ज्या गाण्यांवर कोणाचा हक्क नोंदलेला नाही अशीच गाणी कलावंताने आणायची, ती कलावंताच्या नावे नोंदवायची आणि प्रकाशनाचे हक्क पियरच्या कंपनीकडे राहायचे. त्यामुळे एपीला सतत नवी, म्हणजे खरे तर जुनी, गाणी लागत. तो आठवडे आठवडे डोंगरात हिंडे. म्हाताऱ्या बायांकडून, खाणकामगारांकडून, चर्चच्या जुन्या गीतसंग्रहांतून तो शब्द उतरवून आणी. चाल मात्र त्याच्या लक्षात राहत नसे. ते काम लेस्ली रिडल करी. रिडल हा उत्तर कॅरोलिनातल्या बर्न्सव्हिलचा कृष्णवर्णीय गिटारवादक. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात त्याचा एक पाय गेला होता, एका हाताची दोन बोटेही पुढे गेली. एपीची आणि त्याची गाठ किंग्जपोर्टला पडली. काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलावर जेवू नये अशा त्या काळात हे दोघे एकत्र हिंडले, रिडल एपीच्या घरी दिवस दिवस राहिला. एपी शब्द लिहून घेई, रिडल चाल कानात साठवून आणी आणि घरी आल्यावर ती सारा-मेबेलला वाजवून दाखवी. मेबेल त्याच्या बोटांकडे पाहून बरेच शिकली आणि तिने ते कधी लपवले नाही. तबकडीवर नाव मात्र एपी कार्टरचे लागले. जात्यावरच्या ओव्यांच्या पुस्तकावर संकलकाचे नाव छापले जाते, दळणारणीचे येत नाही. त्यातलाच हा प्रकार. 1965 मध्ये लोकसंगीताचा संग्राहक माइक सीगरने रिडलला न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये शोधून काढले, तेव्हा कुठे त्याचा वाटा लोकांपुढे आला. फोल्डचा इतिहास सांगताना त्याचे नाव तळटीपेत ढकलणे मला मान्य नाही.

एपीच्या या भटकंतीची किंमत घराने मोजली. मुले, जनावरे, शेत आणि लाकूडफाटा साराच्या गळ्यात पडला. नवरा महिना महिना बाहेर. 1933 मध्ये ती डोंगर ओलांडून कॉपर क्रीकला, आपल्या माणसांत, निघून गेली. मुले बापाकडे राहिली. 1936 मध्ये घटस्फोट झाला. तिचे मन एपीच्याच नात्यातल्या एका भावाकडे, कॉय बेजकडे, ओढले गेले होते आणि तो तोवर कॅलिफोर्नियाला गेला होता. नवल याचे, की या सगळ्यात गाणे थांबले नाही. तिघे एकत्र ध्वनिमुद्रण करत राहिले. 1938 मध्ये ते टेक्सासच्या सीमेवर गेले. समोर मेक्सिकोच्या हद्दीत एक्सईआरए हे 5 लाख वॉटचे प्रचंड रेडिओ केंद्र होते, अमेरिकी कायद्याच्या कक्षेबाहेर. डॉक्टर म्हणवणारा ब्रिंकली नावाचा इसम ते आपल्या अजब उपचारांच्या जाहिरातींसाठी चालवी. त्या केंद्रावरून कार्टरांचे गाणे निम्म्या खंडावर ऐकू जाई. साराने एकदा त्यावरून एक गाणे कॅलिफोर्नियातल्या कॉयच्या नावे म्हटले, ते त्याने ऐकले आणि तो आला, असे सांगतात. कथा थोडी जास्तच जुळून आलेली वाटते, पण 1939 च्या फेब्रुवारीत दोघांचे लग्न झाले हे खरे. 1943 मध्ये मंडळी पांगली. सारा कॅलिफोर्नियाला राहिली. मेबेल हेलन, जून आणि अनिता या तिन्ही मुलींना घेऊन नवा संच बांधून बाहेर पडली आणि 1950 मध्ये नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ओप्री या रेडिओ कार्यक्रमात पोचली. एपी पुअर व्हॅलीत परतला.

परत आल्यावर त्याने घराशेजारी किराणा मालाचे दुकान बांधले. हीच ती वास्तू. साधी लाकडी इमारत, रस्त्याकडे तोंड केलेली. पीठ, मीठ, खिळे, रॉकेल अशा वस्तूंचे हे दुकान फारसे चालत नव्हते. 1950 च्या दशकात सारा आणि मुलांना घेऊन त्याने पुन्हा थोडे ध्वनिमुद्रण केले. खोऱ्यातल्याच मेसेस स्प्रिंगला खुल्या मैदानात उन्हाळी कार्यक्रमही करून पाहिले. लोक आता दुसरे काही ऐकत होते. 7 नोव्हेंबर 1960 रोजी तो वारला. माउंट व्हर्नन चर्चच्या आवारातल्या त्याच्या थडग्याच्या दगडावर गाण्याची तबकडी कोरलेली आहे. जाण्याआधी त्याने मुलीला, जॅनेटला, एकच सांगितले होते, की हे गाणे चालू ठेव. तिने हो म्हटले.

त्यानंतरची 14 वर्षे संस्थेच्या दृष्टीने कोरी आहेत. बाहेर मात्र बरेच घडत होते. न्यूयॉर्क आणि बोस्टनमधली कॉलेजातली पोरे जुन्या तबकड्या शोधू लागली होती. 1967 च्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात सारा आणि मेबेल पुन्हा एकत्र गायल्या. 1970 मध्ये मूळ त्रिकुटाला कंट्री संगीताच्या सन्मान दालनात जागा मिळाली. 1972 मध्ये नव्या पिढीच्या एका बँडने मेबेलला सन्मानाने बोलावून तीन तबकड्यांचा मोठा अल्बम केला. पुअर व्हॅलीतले दुकान तेवढे बंद पडून होते.

जॅनेटबाई शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत. मुले वाढवली, घर चालवले. लहानपणापासून त्या वडिलांबरोबर गायल्या होत्या, टेक्सासच्या रेडिओवरही. ऑटोहार्प त्यांच्या हातात होतेच. वयाच्या पन्नाशीला, 1974 मध्ये, त्यांनी दुकान झाडून घेतले, कट्ट्यावर वादक बसवले आणि शनिवारी संध्याकाळी गाणे सुरू केले. त्याच ऑगस्टमध्ये वडिलांच्या स्मरणार्थ महोत्सव केला. जवळ ना अनुदान होते, ना सल्लागार समिती. वडिलांना दिलेला शब्द आणि बापजाद्यांची जागा, एवढेच भांडवल. दुकानात माणसे मावेनात. लोक बाहेर अंगणात उभे राहून ऐकू लागले.

तेव्हा ज्यो पुढे आला. ब्रिस्टलच्या त्या मोटारीतले तान्हे बाळ आता सुतारकामात तरबेज झालेले होते. गायचाही आणि जनावरांचे आवाज काढून लोकांना लोळवायचाही. 1976 मध्ये त्याने दुकानाशेजारच्या उतारावर मोठा मंडप उभा केला. त्याला नाव दिले फोल्ड, म्हणजे मेंढवाडा. आसनांसाठी रेल्वेचे जुने स्लीपर उतारावर पायऱ्यांसारखे रचले, शाळेच्या जुन्या बसमधल्या सीटा बसवल्या. सुमारे 800 माणसे तिथे बसतात. रंगमंचासमोर लाकडी फळ्यांची नाचायची जागा आहे. टाचेला लोखंडी पत्रा लावलेले बूट घालून आजीआजोबांपासून शाळकरी पोरांपर्यंत कोणीही उतरते आणि क्लॉगिंग करते. मला या संस्थेचा हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. वास्तू टिकवणारे पुष्कळ असतात. वास्तूसमोर लोकांना नाचू देणारे थोडे.

नियम जॅनेटबाईंनी घातले आणि ते पाळले गेले. दारू नाही. विजेवर चालणारी वाद्ये नाहीत. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचवायला ध्वनिक्षेपक आहेत, पण गिटार लाकडाचीच हवी. या नियमाला एकच माणूस अपवाद होता, गायक जॉनी कॅश. मेबेलची मुलगी जून हिचे 1968 मध्ये त्याच्याशी लग्न झाले, तेव्हापासून तो या खोऱ्याचा जावई. इतर मोठे लोक नियम सांगितल्यावर कुरकुर करत, तेव्हा जॅनेटबाई म्हणत की तो आमच्याकडे आला तेव्हाच त्याच्यात वीज होती, त्याला काय करणार. जावयाला सगळे माफ असते, हे तिथेही खरे असावे. 15 मे 2003 रोजी जून वारली. 5 जुलैला कॅश चाकाच्या खुर्चीतून फोल्डवर आला, धरून मंचावर बसवला गेला आणि त्याने छोटीशी बैठक केली. लोकांसमोरचे त्याचे ते शेवटचे गाणे ठरले. 12 सप्टेंबरला तो गेला.

वास्तूंबद्दल दोन शब्द. एपीचे जन्मघर, एपी-साराचे घर, मेबेल-एझ्राचे घर, दुकान आणि माउंट व्हर्नन चर्च या पाचही जागा अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदीत आहेत. त्यांपैकी दुकानाची नोंद 1985 ची. दुकानात आता संग्रहालय आहे: वाद्ये, कपडे, तबकड्या, घरातली छायाचित्रे. जन्मघराचे ओंडके मूळ जागेवर कुजत चालले होते. ते उतरवून फोल्डच्या शेजारी पुन्हा उभे केले गेले. जुनी वास्तू हलवू नये, असे शास्त्र सांगते. इथे ती हलवली नसती तर उरली नसती. निर्णय योग्य होता असे मला वाटते.

जॅनेटबाईंनी 'लिव्हिंग विथ मेमरीज' नावाचे आत्मचरित्र लिहिले. 2005 मध्ये त्यांना अमेरिकी सरकारचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. तो गायिका म्हणून नव्हता. लोककला सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यासाठी असलेला बेस लोमॅक्स हॉज सन्मान होता. निवड समितीला नेमके कळले होते. त्याच वर्षी ज्यो गेला. 22 जानेवारी 2006 रोजी जॅनेटबाई गेल्या. त्यानंतर रिटा फॉरेस्टर यांनी कारभार हाती घेतला. हिशेब, कलावंतांशी बोलणी, दारातली तिकिटे आणि खाण्याच्या खिडकीवरचा मक्याचा ब्रेड, सगळे काही घरातली माणसे आणि शेजारचे स्वयंसेवक पाहतात.

व्हर्जिनियाने आपल्या डोंगरी संगीताची ठिकाणे जोडणारा क्रुकेड रोड नावाचा मार्ग आखला आहे, त्यातले हे एक मुख्य ठाणे. व्हर्जिनिया, टेनेसी आणि उत्तर कॅरोलिनात मराठी घरे आता पुष्कळ आहेत. डोंगर पाहायला ही मंडळी ब्लू रिजला जातातच. त्यांनी वाट थोडी वाकडी करून एखाद्या शनिवारी हिल्टन्सला जावे. गाणे संध्याकाळी साडेसातला सुरू होते, दुकानातले संग्रहालय त्याआधी उघडते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातला वार्षिक महोत्सव गाठता आला तर फारच चांगले. जाताना तळव्याला घट्ट बसणारे बूट घालावेत.